साळूबाईची हाळी

नवे पैसे सुरू झाले त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. होळी पंधरा दिवसांवर आली होती आणि धरणाच्या पल्याडच्या वाडीत जंगल खात्याचे मोठे साहेब हैबतरावाच्या ओट्यावर येऊन बसले होते. शेजारी गार्ड बाबालाल उभा. बाबालाल पौडचा, खाकी कपडे घालायचा, पण बोलायला गोड. सगळ्या वाडीला तो मामा-मावशी म्हणायचा आणि म्हणत म्हणत कुऱ्हाडी जप्त करायचा.

साहेब म्हणाले, "वाघजाईचं रान कोळशाच्या ठेक्यात घालायचं की राखून ठेवायचं, हे अजून ठरलेलं नाही. होळीपासून पाऊस लागेपर्यंत तिथं वणवा शिरला नाही, तर रान राखीव करू. शिरला, तर जळक्या रानाचं राखायचं तरी काय? ठेकेदार येईल, भट्ट्या लावेल. या एका हंगामापुरता तुमच्यातलाच एक राखणदार द्या."

पुरुषांनी माना खाली घातल्या. कुणी पायाचा अंगठा बघतोय, कुणी उपरण्याची गाठ सोडतोय. रान कुणाला नको होतं असं नाही. पण राखणदारानं आग लावणाऱ्यांची नावं द्यायची असतात, आणि नावं कुणाची? चुलत्याची, मेव्हण्याची, व्याह्याची. एका हंगामासाठी जन्माचं वैर कोण घेणार!

तेव्हा दाराआडून आवाज आला, "मी राखते."

साळूबाई होती ती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, सून हाताशी आलेली, वय पंचेचाळिशीच्या पुढं. वाडीत तिचं तोंड सगळ्यांना माहीत होतं. तिच्या दारावरून जाणारं कुत्रंसुद्धा शेपूट आवरून जाई.

हैबतराव हसला. "साळूआक्का, बायकांनी चूल राखावी."

"माजी चूल मी तीस वर्सं राखली. तुज्या घरची कितींदा इझली आनि इस्तू कुनाच्या दारातनं नेला, सांगू का सायबाला?"

साहेबांना अर्धं कळलं, पण हसू पुरं आलं. काम तिला मिळालं.

तिनं हे काम का मागून घेतलं, हे वाडीला ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. साळूबाईचं माहेर धरणाच्या पाण्याखाली होतं. पाणी चढलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. माणसं मिळेल तिकडं पांगली. देवी मात्र म्हाताऱ्यांनी खांद्यावर घालून वर डोंगराच्या सोंडेवर नेली आणि जांभळीच्या बुंध्याशी ठेवली. तीच ही वाघजाई. घर नाही, विहीर नाही, शेणानं सारवलेलं अंगण नाही. माहेर म्हणायला जगात तिला तेवढीच एक दगडाची देवी आणि तिच्या भोवतीचं रान उरलं होतं. तिथं कोळशाची भट्टी लागलेली बघायची तिची तयारी नव्हती.

बाबालालनं तिला पितळी बिल्ला दिला आणि एक शिट्टी. "मावशी, आग दिसली की फुंकायची. लांबवर जाते."

"मी काय रेलगाडी हाय व्हय रं?"

"खात्याचा नियम आहे मावशी."

तिनं शिट्टी पदराच्या गाठीला बांधली. बिल्ला मात्र रोज सकाळी चिंच लावून घासला. चोळीवर बिल्ला लावून ती चालायला लागली, की वाटेवरची माणसं बाजूला होत. ते तिला आवडत नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

सोंडेवर तिनं खोपट घातलं. रानाच्या कडेनं खात्यानं दहा पावलं रुंदीचा पट्टा गवत काढून मोकळा केला होता. खालून आग आली तर तिथं अडावी, म्हणून. पण मोकळा पट्टा मोकळा राहतो थोडाच! वरून रोज पानं गळत. साळूबाई उजाडलं की खराटा घेऊन पट्टा झाडायला लागे. या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडता झाडता ऊन माथ्यावर येई. खालून शेतातली माणसं ओरडत, "आक्का, रांगुळी बी काढा की आता!"

"तुजं त्वांड रंगवाया राखून ठिवलीया!" ती वरून सांगे.

दुपारी ती जांभळीखाली भाकरी सोडायची. वर शेकरूची जोडी होती. तांबूस पाठीची, लांब शेपटीची ती खार या फांदीवरून त्या फांदीवर अशी उडी घ्यायची, की मागची फांदी हलतच राहावी. फांदीच्या टोकाला काटक्यांचं घर बांधत होती ती. एक बांधलं, अर्धं सोडलं, दुसरं बांधायला घेतलं. साळूबाई भाकरी चावत म्हणायची, "नीट बांध गं. चार चार घरं कशापायी? वाटणी झालीया का तुमची?"

वाटणीवरून आठवलं. साळूबाईची धाकटी जाऊ रत्नाबाई. धाकटा दीर भैरू, त्याची बायको. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, पण सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर जातं. वाटणीच्या दिवशी दोघींनी जातं धरलं आणि कुणीच सोडेना, तेव्हा पंचांनी वैतागून खालची तळी थोरलीला आणि वरची धाकटीला दिली. तेव्हापासून दोन्ही दगड आपापल्या ओसरीत पडून होते आणि दोघी जावा दुसऱ्यांच्या घरी दळायला जात होत्या. बोलायची वेळ आलीच, तर रत्नाबाईच्या वासराच्या मार्फत बोलत.

हंगामाच्या सुरुवातीलाच साळूबाईनं वाडीत फिरून दवंडी द्यावी तसं सांगितलं होतं, "पट्ट्याच्या खालच्या वावरात कुनी राब लावायचा न्हाई. लावायचा तर बाबालाल समूर पायजे. चोरून लावला आनि मला दिसला, तर नाव देनार. मग त्यो माजा दीर असू दे न्हाईतर यीवाई." आणि मग रत्नाबाईच्या वासराकडं बघून, "तू बी आयकून ठेव गं. सांग घरात."

वासरू रवंथ करत राहिलं. रत्नाबाई आतून म्हणाली, "ऐकलं म्हनावं. बहिऱ्या न्हाई आमी."

भातवाल्यांना राब काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगते. भाताचं रोप जिथं टाकायचं, त्या तुकड्यावर टहाळ, शेण, पाचोळा अंथरून तो जाळायचा. जमीन भाजली की रोप जोमदार येतं आणि तण मरतं. राब भाजल्याशिवाय त्या डोंगरातला भात होत नाही. आणि राब लावायची तिथली एक रीत होती. घरातल्या कुणीतरी बांधावर उभं राहून हाळी द्यायची, "राब लावतोय रंऽऽ!" हाळी ऐकली की प्रत्येक घरातून एक माणूस ओली डहाळी घेऊन निघायचंच. भांडण असो, सुतक असो, बोलणं नसो. हाळीला आलं नाही असं घर वाडीत नव्हतं. सगळे चारी अंगांनी उभे राहायचे आणि जाळ बांधाबाहेर आला की झोडपून विझवायचे. राब भाजून झाला की ज्यानं हाळी दिली, त्यानं सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. जातं धरून भांडलेल्या दोघी जावासुद्धा एकमेकींच्या राबाला गेल्या होत्या. गूळ देताना तोंडं फिरवलेली असायची, एवढंच.

त्या वर्षी चैत्र गेला, वैशाख लागला, पण पट्ट्याखालच्या वावरातून एकही हाळी आली नाही. साळूबाई वरून कान देऊन बसायची. सगळं शांत. पाण्यावरून वारा यायचा, लांब कुठंतरी भारद्वाज घुमायचा. ती स्वतःशी म्हणायची, वचक म्हणतात तो याला.

बाबालाल पंधरा दिवसांतून एकदा चढून यायचा. तो म्हणाला, "मावशी, राब लावायला मला कुणीच कसं बोलवलं नाही अजून?"

"लावतील कशाला? मी बसलेय न्हवं हितं?"

बाबालालनं टोपी काढून घाम पुसला. "भात तर सगळ्यांनाच लावायचा आहे, मावशी."

हे बोलणं तिच्या कानावर पडलं, पण डोक्यात गेलं नाही. खरं तर खालच्या दोन वावरांत राब भाजून झाले होते. ती ज्या वेळी पट्ट्याच्या पार पल्याडच्या टोकाला असे, ती वेळ साधून लोकांनी थोडा थोडा लावला होता आणि वर माती ओढली होती. हाळी न देता. घरच्या दोघा-तिघांनी मिळून, तोंड मिटून. नशीब त्यांचं, की वारा पडलेला होता.

राहिला होता रत्नाबाईचा राब. भैरूच्या पायावर टहाळ तोडताना कोयता बसला होता. पाय बांधून तो ओसरीत पडून होता. पोरं अजून लहान. ढग चढायच्या आत राब भाजायला हवा, बाबालाल यायला अजून आठ दिवस, आणि हाळी द्यावी तर वर थोरली बसलेली, बिल्ला लावून. रत्नाबाईनं तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी दुपारी ती एकटीच वावरात गेली.

साळूबाई त्या वेळी जांभळीखाली भाकरीचा शेवटचा तुकडा मोडत होती. वरची शेकरू एकदम थांबली आणि चरचर आवाज करायला लागली. साळूबाईनं मान वर केली. मग नाकानं वास घेतला आणि उठलीच.

पट्ट्यावर येऊन बघते तो खाली भैरूच्या वावरात धूर. राब नेहमी वाऱ्याच्या उलट्या अंगानं लावतात, म्हणजे जाळ हळूहळू सरकतो. रत्नाबाईनं घाईघाईत लावला तो वाऱ्याच्याच अंगानं, लवकर उरकावा म्हणून. जाळ वावर ओलांडून बांधावर आला होता आणि बांधापासून पट्ट्यापर्यंत गुडघाभर वाळकं गवत होतं. रत्नाबाई एकटी हातातल्या डहाळीनं झोडपत होती. इकडं विझवावं तर तिकडं पेटत होतं.

साळूबाईनं गाठ सोडली, शिट्टी तोंडात धरली आणि जन्मात पहिल्यांदा फुंकली. शिट्टी खरंच लांबवर गेली. पाण्यावर आपटून परत आली.

खाली वाडीत धडाधड दारं लागली.

ती बघतच राहिली. नांगरटीला आलेला हैबतराव बैल सोडून बांधाआड आडवा झाला. लाकडं घेऊन येणाऱ्या दोघी बायकांनी भारे करवंदीच्या जाळीत टाकले आणि आल्या वाटेनं पळाल्या. शिट्टी म्हणजे जंगलवाला आला, धाड पडली, एवढंच त्या वाडीला इतक्या वर्षांत शिट्टीनं शिकवलं होतं. साळूबाईनं दुसऱ्यांदा फुंकली, तशी उघडी राहिलेली एक खिडकीसुद्धा लागली.

मग तिला कळलं. महिनाभराची ती शांतता कसली होती, तेही कळलं. वचक, वचक म्हणून ती जी मिरवत होती, तो हा असा होता. रान पेटलं तरी माणूस दाराबाहेर येणार नव्हता.

विचार करायला वेळ नव्हता. तिनं शिट्टी टाकली, पट्ट्यावरच्या उंच खडकावर चढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि लगीन होऊन वाडीत आल्यापासून नवऱ्याच्या राबासाठी देत होती तशी हाळी दिली.

"राब लावलाय रंऽऽ! या रंऽऽ! साळूचा राब हाय रंऽऽ!"

खाली रत्नाबाईचा हात क्षणभर थांबला.

पहिला उठला हैबतराव. बांधाआडून कपडे झटकत उठला आणि पहिल्या झाडाची ओली डहाळी मोडून पळत निघाला. मग एकेक दार उघडलं. बायका आल्या, म्हातारे आले. कुणाच्या हातात करंजाची डहाळी, कुणाच्या हातात भिजवलेलं पोतं. लंगडत भैरूसुद्धा काठी टेकत बांधापर्यंत आला आणि तिथून उगाच ओरडून सगळ्यांना कामं सांगायला लागला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. हाळी झाली होती, माणसं आली होती. दोन्ही अंगांनी ओळी धरून त्यांनी जाळ झोडपायला सुरुवात केली.

मधला जाळ मात्र पट्ट्यापर्यंत चढलाच. तिथं येऊन तो थबकला. पुढं दहा पावलं नुसती तांबडी माती, अंगणासारखी. एक पानसुद्धा खायला नव्हतं त्याला. एक जळतं पान तेवढं वाऱ्यानं उडून पल्याड गेलं आणि एका हिरड्याच्या बुडाशी गवत धरलं. साळूबाई धावली. तिच्याआधी रत्नाबाई तिथं पोचली होती. दोघींनी मिळून ते विझवलं. हातभर जागा काळी झाली, हिरड्याची साल एका बाजूला पोळली, बाकी काही नाही.

पाऊण तासात सगळं शांत झालं. काळ्या गवतातून धुराच्या बारीक रेघा निघत होत्या. माणसं पट्ट्यावर पाय पसरून बसली. हैबतरावाच्या मिशीची एक बाजू जळाली होती.

"आक्का," तो म्हणाला, "चांगला झाडलाय पट्टा."

"बस गप. आधी लोळत हुतास तितं काय अंडी उबवीत हुतास?"

सगळे हसले, हैबतरावही हसला. मग हसणं थांबलं आणि कुणी उठेना. साळूबाईच्या ध्यानात आलं, की ही माणसं कशासाठी थांबली आहेत. हाळी तिची. म्हणजे राब तिचा. म्हणजे गूळ तिनं द्यायचा. आणि खोपटात तिच्याकडं मिठाच्या खड्याशिवाय दुसरा खडा नव्हता. उभ्या जन्मात कुणाच्या समोर तिचे हात असे रिकामे पडले नव्हते.

रत्नाबाई पुढं आली. तिच्या हाताला फोड आले होते, पदर एका टोकाला जळाला होता. ओच्यातून तिनं एक पुरचुंडी काढली. राब चोरून लावायचा असला, तरी गूळ ती सवयीनं घेऊनच आली होती. पुरचुंडी तिनं साळूबाईच्या हातात दिली.

"घ्या आक्का. राब तुमचा, तवा वाटा बी तुमीच."

वासरू नव्हतं मध्ये. सहा वर्षांनी सरळ बोलणं झालं ते एवढंच. साळूबाईनं गूळ फोडला आणि ओळीनं सगळ्यांच्या हातावर ठेवला. रत्नाबाईपाशी आल्यावर जरा मोठा खडा निवडला आणि म्हणाली, "वाऱ्याच्या अंगानं राब लावतं का कुनी? माज्या घरात आलीस तवा येवढं तरी शिकवलं हुतं तुला."

"शिकवलं हुतं," रत्नाबाई म्हणाली. "हाळी द्यावी म्हून बी शिकवलं हुतं."

साळूबाईनं उरलेला गूळ पुरचुंडीत बांधला आणि तिच्या ओच्यात टाकला. वाडीला ते नवीन होतं.

तिसऱ्या दिवशी बाबालाल आला. काळं पडलेलं गवत त्याला पाण्याच्या कडेवरूनच दिसलं होतं. तो पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, हिरड्याची साल बोटानं खरवडून बघितली आणि वही काढून खोपटाशी बसला.

"मावशी, वावर तर भैरूचं आहे."

"वावर भैरूचं, राब माजा."

"असं कसं?"

"ज्यानं हाळी दिली त्याचा राब. हितली रीत हाय. इचार वाडीला हाळी कुनाची हुती."

बाबालालनं खरंच वाडीत जाऊन विचारलं. लहानथोर सगळ्यांनी एकच सांगितलं, की साळूआक्काची. त्यात खोटं काहीच नव्हतं. भैरू ओसरीत बसून म्हणाला, "मी सोता आयकली," आणि रत्नाबाई आत भांडी घासत राहिली.

बाबालाल परत वर आला. "नाव लिहावं लागेल. राखणदारानंच आग लावली असं लिहिलं, की बिल्ला जातो. नियम आहे."

साळूबाईनं बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. सकाळीच घासलेला, लखलखीत होता. या बिल्ल्यासाठी रस्ता सोडणारी माणसं तिला आठवली, आणि शिट्टी ऐकून दारं लावणारीही आठवली. तीच माणसं होती.

"लिव," ती म्हणाली. "नीट लिव. रान जळालं न्हाई, ते बी लिव. ते आधी लिव."

साहेब ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात आले. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग टेकायला लागले होते. ते पट्टा चालले. काळं गवत एका रेषेत थांबलेलं त्यांनी बघितलं, पोळलेला हिरडा बघितला, जांभळीवरची शेकरूची घरं बघितली. चार मोजली आणि बाबालालनं पाचवं दाखवलं.

"आग आत शिरली म्हणायची का, गार्ड?"

"हातभर, साहेब. दोन बायकांनी विझवली."

साहेबांनी बाबालालची वही मागून घेतली आणि नोंद वाचली. मग म्हणाले, "हातभराला वणवा म्हणत नाहीत. रान राखीव करू." आणि साळूबाईकडं वळून, जरा अवघडून, "बाई, पुढल्या हंगामाला मात्र तुम्हाला घेता येणार नाही. तुमचं नाव कागदावर आलं आहे."

"ठाव हाय." तिनं चोळीवरचा बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्याच्यावर शिट्टी ठेवली. "आनि ही बी न्या. पुढच्या मानसाला देऊ नका. हिच्यानं हितं कुनी येत न्हाई."

पुढच्या वर्षी राखणदार म्हणून पौडहून एक माणूस आला. भला होता, पण झोपाळू. वैशाखात एका सकाळी साळूबाई अंगणात शेण कालवत होती. पट्ट्याखालच्या वावरातून आवाज आला, बायकी, खणखणीत.

"राब लावतेय रंऽऽ!"

साळूबाईनं हात धुतले. सुनेला म्हणाली, "तव्याकडं बघ, करपवू नगंस." कुंपणाची एक ओली डहाळी मोडली आणि निघाली. रत्नाबाईच्या ओसरीवरून जाताना तिला वरची तळी दिसली. तिच्यावर कोंबडी बसली होती.

जात्याचं तेवढं मिटायचं होतं अजून.